द्वारपालाची केळ

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मला दोनदा बजावलेलं आहे. पण नाव आणि गाव न घेता सांगितली, तर ती सांगितल्यात धरत नसावेत, असं मला वाटतं. म्हणून कृपा करून नाव-गाव विचारू नका.

फार जुन्या काळी, जेव्हा राजे पुष्कळ होते आणि राज्यं लहान होती, तेव्हा एका राजवाड्याच्या दारावर एक द्वारपाल होता. चाळीस वर्षं त्याने एकच काम केलं. आलेल्या माणसाला अडवायचं आणि विचारायचं, "काय काम आहे? कुणी पाठवलं?" उत्तर बरोबर आलं, तरी म्हणायचं, "उद्या या."

तो म्हातारा झाला, तेव्हा राजाने त्याला शेला-नारळ देऊन घरी पाठवलं. घरी तो आणि बायको, दोघंच. पहिले आठ दिवस तो आपल्या दारात बसून राहिला. अडवायला कुणी आलंच नाही.

नवव्या दिवशी तो म्हणाला, "अगं, आपल्याकडे माणसं का येत नाहीत?"

"चाळीस वर्षं तुम्ही त्यांना उद्या या म्हणालात," बायको म्हणाली. "ती अजून उद्याची वाट बघत असतील."

त्या दिवशी द्वारपालाला भाकरी गोड लागली नाही. मरण्याआधी निदान एकदा आपलं अंगण माणसांनी भरावं, एवढंच त्याला वाटत होतं. तो राजाच्या बागेतल्या म्हाताऱ्या माळिणीकडे गेला आणि खाली मान घालून सगळं सांगितलं.

"केळ लाव, बाबा," माळीण म्हणाली. "ज्याच्या दारी केळ, त्याच्या दारी वर्दळ. कुणाला जेवायला पानं लागतात, कुणाला मांडवाला खांब, कुणाला भाजीला केळफूल." तिने केळीच्या बुंध्याशी फुटलेलं एक पिल्लू उकरून त्याच्या हातात दिलं. "न्हाणीमागं लाव, अंघोळीचं पाणी आपसूक मिळेल. बुंध्याशी पिल्लं फुटतील. त्यातलं एक ठेव, बाकीची लोकांना दे. आणि घड भरला की हिरवाच उतरव. केळी एकदा पिकायला लागली, की कुणासाठी थांबत नाहीत."

द्वारपालाने सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि केळ पुढच्या दारात लावली. मागच्या दारी कुणी पहारा देतं का? मग न्हाणीचं पाणी घागरीत भरून सगळं घर ओलांडून पुढे आणायचं काम बायकोकडे आलं. त्याने केळीच्या दोन्ही बाजूंना काठ्या रोवून तिला ताठ उभं केलं. वाऱ्याने पान फाटलं, की शिपायाचा अंगरखा फाटल्यासारखं त्याला वाईट वाटे.

पण माळिणीचं म्हणणं खरं ठरलं. माणसं आली.

सर्वांत आधी आली कासारीण. "भाऊजी, पाच पानं हवी होती. घरी पाहुणे आलेत."

द्वारपालाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तो उठला, पागोटं नीट केलं आणि तोंड उघडलं. "काय काम आहे? कुणी पाठवलं?"

"अहो, आत्ताच सांगितलं ना. पानं."

"उद्या या."

कासारणीने पाहुण्यांना पत्रावळीवर वाढलं.

मग कुंभार आला. त्याच्या नातीचं बारसं होतं आणि केळीला तेव्हा छान घड लागलेला होता. "दादा, एक फणी मिळेल का?" त्यालाही तेच उत्तर मिळालं.

"मनात 'या, बसा' असं असतं गं माझ्या," द्वारपाल बायकोला म्हणाला.

"मग ते बाहेर का पडत नाही?"

"दाराशी येऊन अडकतं."

पिल्लांचंही तसंच झालं. अकरा पिल्लं फुटली, आणि आत असलेल्याला बाहेर जायची परवानगी नाही, म्हणून अकराही तिथेच दाटीवाटीने उभी राहिली. आईचं खाणं त्यांनीच खाल्लं. घडातली केळी करंगळीएवढीच राहिली. तरीही द्वारपालाने घड उतरवला नाही. पौर्णिमेला सगळ्या गावाला बोलावून थाटात वाटायचा, असं त्याने ठरवलं होतं.

पौर्णिमेला सहा दिवस होते, तेव्हा घड एका सकाळी पिवळाधमक झाला. वरपासून खालपर्यंत, एकदम.

दोघांनी सकाळी शिकरण खाल्लं, दुपारी केळ्याची कोशिंबीर, संध्याकाळी पुन्हा शिकरण. दुसऱ्या दिवशी बायकोने ताटाकडे पाहिलं आणि ती उठून गेली. तेव्हा द्वारपालाने टोपली डोक्यावर घेतली आणि कुंभाराचं दार वाजवलं.

कुंभार दारात उभा राहिला. "काय काम आहे?"

"केळी आणलीत. बारशासाठी मागितली होती ना तुम्ही?"

"बारसं होऊन गेलं, दादा. पोरगी रांगायला लागली."

कासारीण म्हणाली, "भाऊजी, आज नको. उद्या या." आणि पदर तोंडाला लावून आत पळाली.

द्वारपाल भरली टोपली घेऊन परत आला. केळी काळी पडायला लागली होती. त्याने टोपली अंगणात ठेवली आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला.

तेवढ्यात कुंभाराचं गाढव आत शिरलं. गाढवाला काय काम आहे असं विचारून उपयोग नव्हता, ते दिसतच होतं. द्वारपाल अडवायला उठला, पण बायकोने त्याचं धोतर धरलं. "राहू द्या हो. खाणारा एक तरी आला." गाढवाने टोपली संपवली, घडावरची उरलेली केळी संपवली आणि केळीला टेकून डोळे मिटले.

गाढवाला शोधत कुंभार आला. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. "दादा, माझं गाढव आत आलंय. परवानगी न घेता आलंय."

द्वारपाल दारातून बाजूला झाला. त्याने हाताने नुसतं आत दाखवलं.

कुंभाराला गाढव ओढता येईना, म्हणून सुतार आला. मजा बघायला मुलं आली. मुलांना शोधत कासारीण आली. अंगणात उभं राहायला जागा उरली नाही, आणि द्यायला एकही केळं उरलं नव्हतं. मग द्वारपालाने कुदळ घेतली. एक पिल्लू आईजवळ ठेवून बाकीची दहा त्याने दहा घरांना दिली. त्यानंतर पाणी किती घालायचं, पिल्लं कधी काढायची, हे विचारायला माणसं त्याच्याकडे रोज येऊ लागली, आणि तो प्रत्येकाला सांगे, "न्हाणीमागं लावा. माझं ऐका, माझ्यासारखं करू नका."

माणसं हवी असतील तर दार आधी उघडावं. केळी काय, मागाहून पिकतातच.

आणि त्या गाढवाचं म्हणाल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुताराच्या दारात जाऊन — हो आई, आले! नाही गं, नुसती केळीची गोष्ट सांगत होते, नाव-गाव कुठे घेतलंय?