हाताचा झरोका

कुसरणे आणि अंजनोळी या दोन गावांच्या शिवेवर एक बारव आहे. पाहुण्यांना आधी तिथेच नेतात, आणि पाहुणेही आधी हेच विचारतात, की एवढ्या देखण्या बारवेच्या मधोमध ही आडदांड भिंत कुणी घातली? आणि घातली ती घातली, तिच्यात खाली पाण्यापाशी हा चौकोनी झरोका कशाला ठेवला?

भिंत येल्लव्वाने घातली, असे सांगतात. कुसरण्याची वडारीण. नवरा गेल्यावर छिन्नी तिनेच उचलली, आणि दगड तिला गड्यांपेक्षा जास्त कळायचा म्हणे. तिची एकुलती लेक दुरगी अंजनोळीत दिलेली. मायलेकींची गाठ रोज बारवेवर पडे.

पुढे पालखीच्या मानावरून दोन्ही गावांत कुऱ्हाडी निघाल्या. पाच माणसे गेली. मग गावांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली: या गावाने त्या गावाशी शब्द बोलायचा नाही, आणि बारवेत भिंत घालायची. बोलेल त्याचे घर जाळायचे. भिंतीचे काम येल्लव्वाला सांगितले. ती नको म्हणाली असती तर दुसऱ्या कुणी घातली असती. तिने गुमान घमेले उचलले.

भिंत उभी राहिली. दोन्ही बाजूंचे जिने तिने नव्याने बसवले, एका वेळी एकच बाई उतरेल इतके अरुंद. पाटील बघायला आला.

"हा झरोका कशाला गं?"

"वाऱ्याला, पाटील. कोंडलं तर पानी नासतंय."

"माणूस जाईल का यातनं?"

"तुमचं मांजार जाईल बगा."

पाटील हसला आणि भिंतीची उंची मोजून गेला. त्याने जन्मात एक घागर उचलली असती, तर त्याला तेव्हाच कळले असते.

भरली घागर एकटीला डोक्यावर चढत नाही. कुणीतरी हात लावावा लागतो. कमरेवर घ्यावी, तर त्या जिन्यात कोपर घासते. मागे दुसरी बाई उभी राहायला जागा नाही. हात लागेल तो झरोक्यातूनच, पलीकडचा.

पहिल्या दिवशी पाटलाचीच सून उतरली. तिचा नवरा अंजनोळीने मारलेला. घागर झरोक्याच्या कट्ट्यावर ठेवून ती उभी राहिली ती उभीच. ऊन डोक्यावर आले. घरात पाण्याचा थेंब नाही. तेवढ्यात पलीकडून एक हात आला आणि घागरीच्या बुडाशी थांबला. ती रडली म्हणतात. मग मान खाली घालून घागरीखाली गेली, आणि घागर डोक्यावर आल्यावर तिनेही पलीकडच्या घागरीला हात लावला.

गड्यांना कळायला दोन उन्हाळे गेले. पाटील कडाडला, "बुजवा ते भोक!"

सून पदराआडून म्हणाली, "बुजवा की, मामंजी. उद्यापासनं पान्याला तुमी जावा."

झरोका राहिला.

येल्लव्वाला लेकीचा हात रोज दिसे. लहानपणी छिन्नी लागून दुरगीच्या अंगठ्याचे नख गेले होते, त्यावरून ओळख. तोंड दिसत नसे, शब्द बोलायचा नाही. घागरीला हात देताना दोघी जरा जास्त वेळ लावत, एवढेच.

एका पौषात सकाळी हात आला, त्याला पाची नखे होती. दुसऱ्या दिवशीही तोच. लेक आजारी आहे की बाळंतीण, की आणखी काही? माहेराला गेली म्हणावे, तर माहेर इथे उभे. विचारावे, तर उत्तर देणारीचे घर जळेल. येल्लव्वाने त्या परक्या हातावर आपला हात ठेवला. तो हात मागे सरला नाही. उलटा होऊन त्याने तिची बोटे धरली.

तिने घागर घेतली आणि वर आली. पुढे अकरा वर्षे ती रोज उतरली, पण तो बिननखाचा अंगठा पुन्हा दिसला नाही, असे सांगतात.

वैर मिटले नाही. सोयरीक अजून होत नाही. पण त्यानंतर कुऱ्हाडही निघाली नाही. घरोघर नळ आले, तरी आजही दोन्ही गावांत नवी नवरी आली की पहिली घागर इथूनच नेते. पलीकडून हात येतो. नवरीने त्यावर घटकाभर आपला हात ठेवायचा, मग घागर उचलायची. हात कुणाचा, हे मात्र विचारायचे नसते.