पाहुण्याआधी वाढलेलं पान

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा वाट कोसाने मोजत आणि वेळ सावलीने. एका गावात एक शेलेवाला राहत होता. गावच्या विणकरांचे रेशमी शेले तो दर ऋतूला राजधानीत नेऊन विकायचा. माणूस भला, बायको कष्टाळू, घरात खायला-ल्यायला कमी नाही. पण जिभेचे आणि पाठीचे लाड करून घ्यायची भारी हौस!

राजधानीत तळ्याच्या काठी एक अतिथिमहाल होता. शेलेवाला तिथे पहिल्यांदा उतरला तो सहज, ऊन लागलं म्हणून. आत गेला आणि बघतच राहिला. दाराला वाळ्याचे पडदे, सावरीच्या कापसाची गादी, पाय धुवायला गुलाबपाणी. भोजनशाळेत केळीच्या पानावर बावीस पदार्थ. पंगत भरलेली, पण बोलत कुणीच नव्हतं. वाटी वाजेल तर शपथ.

निघताना महालाचा कारभारी हात जोडून दारात उभा राहिला. उंच, हसरा माणूस. त्याच्या पापण्या मात्र कधी लवत नसत.

"शेठजी, काही इच्छा राहिली?"

"छे हो!" शेलेवाला ढेकर देत म्हणाला. "काही म्हणजे काही राहिली नाही."

खिडकीत एक कावळा बसला होता. त्याने मान तिरकी करून ते ऐकलं.

दुसऱ्या खेपेला त्याला न मागता तीच खोली मिळाली. उशी त्याला हवी तेवढीच उंच. भरल्या वांग्यात त्याला आवडतो तसा खोबऱ्याचा कीस. तिसऱ्या खेपेला तो पोचला, तर त्याच्या जागेवर पान आधीच वाढलेलं! भातावरून वाफ निघत होती.

"मी येणार हे तुम्हाला कळलं कसं?"

"कळायचं काय त्यात?" कारभारी म्हणाला. "आपण नसलात तरी आपलं पान इथे रोज वाढलेलं असतं."

झालं! शेलेवाल्याची छाती वीतभर फुगली. घरी येऊन बायकोला म्हणाला, "बघ, याला म्हणतात मान! मी नसताना तू कधी माझं पान वाढलंस?"

"अहो, नसताना कशाला वाढू? आल्यावर वाढते. तोवर आमटी चुलीवर खोळंबते आणि तिच्याबरोबर मीही."

"हीच तर रड आहे आपल्या घराची. सगळं खोळंबलेलं!"

बायको चुलीकडे वळली. पण दुसऱ्याच दिवशी ती एकटीचं ताट घेऊन जेवायला बसली.

"अगं, माझं पान?"

"अगंबाई, विसरलेच की!" ती दचकून हसली. तोही हसला.

चौथ्या खेपेहून तो परतला, तेव्हा दारातल्या कुत्र्याने मान वर केली नाही. पाय धुऊन तो घरात गेला, तर सारवलेल्या जमिनीवर ओलं पाऊल उमटलं नाही. आणि पाचव्या खेपेहून आला, तेव्हा त्याने दारातून तीनदा हाक मारली. बायको तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने उठून तिने त्याचा पाट पुसला आणि भिंतीला उभा करून ठेवला. मग कुंकू लावायला बसली. लावताना तिचं बोट कपाळाशी जरा थबकलं. हे कुणाच्या नावाचं, तेच तिला आठवत नव्हतं.

शेलेवाला ओट्यावर येऊन मटकन बसला.

आता त्याच्या शेजारी एक बाई राहायची. सगळं गाव तिला चोंबडी म्हणायचं. कुणाकडे काय शिजलं, कोण आलं, कोण रुसलं, सगळं तिला कळायला हवं. पण बघा हं, जिच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, तिच्या नजरेतून आख्खा माणूस कसा सुटेल?

कुंपणावरून वाकून ती म्हणाली, "अहो भावजी, असे उन्हात काय बसलात? आणि तुमची सावली कुठाय?"

त्याने खाली पाहिलं. ओट्याची सावली होती, खांबाची होती. त्याची नव्हती.

"वहिनी, तुम्हाला मी दिसतो?"

"न दिसायला काय झालं? माझं अर्धं लक्ष तुमच्याच घरात असतं!" मग तिचा आवाज उतरला. "खरं सांगा, कुठे जेवता? काय वाढतात? कसं वाढतात?"

अशा वेळीही त्याचा चेहरा खुलला. "काय थाट सांगू! पानाभोवती रांगोळीचा भपका नाही, नुसती राखेची बारीक रेघ. पाण्यात दोन काळे तीळ. आणि जेवताना खिडकीत एक कावळा."

चोंबडीच्या हातातलं सूप खाली पडलं.

"अहो, हे का जिवंत माणसाचं पान? हे तर पितरांचं! निघताना काय विचारतात?"

"काही इच्छा राहिली का म्हणून."

"आणि तुम्ही?"

"राहिली नाही म्हणतो. पाचदा म्हणालो."

"कावळा शिवला पानाला?"

"अजून नाही. पण दर खेपेला जवळ सरकतो. परवा वीतभरावर होता."

"म्हणजे आता शिवेल. मग तुम्ही या घरात होतात, हेसुद्धा कुणाला आठवायचं नाही."

"तर मग मी तिथे पाऊलच टाकत नाही!"

"न जाऊन कसं चालेल? पान तर तिथे रोज वाढलेलंय. ते मोडायला त्याच पानावर बसावं लागेल. जा, आणि या वेळी तरी खरं बोला."

शेलेवाला तसाच निघाला. भर दुपारी तो भोजनशाळेत पोचला. पान वाढलेलंच होतं. आज त्याने पहिल्यांदा पंगतीकडे नीट पाहिलं. शेजारी त्याच्याच गावचा सराफ बसला होता. हा माणूस गावातून कधी नाहीसा झाला? कुणी त्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. शेलेवाल्यानेही नाही. सराफ सावकाश चावत होता, आणि त्याच्या पानावरचं काहीच कमी होत नव्हतं.

कावळा उडी मारून पानाच्या कडेला आला.

"शेठजी, काही इच्छा राहिली?"

भरल्या वांग्याचा वास आला. शेलेवाल्याची जीभ आपोआप 'नाही' म्हणायला वळली. त्याने ती दाताखाली धरली.

"राहिली. मला घरची आमटी हवी."

तोंडातून शब्द निघतोय तोच समोर वाटी आली. तोच रंग, तोच चिंच-गुळाचा वास, वर तशीच कोथिंबीर.

"चाखून पाहा. अगदी तशीच आहे."

शेलेवाल्याचा हात वाटीपर्यंत गेला. कावळ्याची चोच भाताच्या शितावर आली. बोटभर अंतर उरलं.

शेलेवाल्याने हात मागे घेतला. "तशीच आहे," तो म्हणाला. "पण ही माझ्यासाठी खोळंबली नव्हती."

कारभाऱ्याच्या पापण्या पहिल्यांदाच लवल्या. सगळी पंगत चावायची थांबली. शेजारचा सराफ हलकेच पुटपुटला, "आमच्याकडे कढी खोळंबायची."

कावळा पान न शिवता उडून गेला.

"हरकत नाही, शेठजी," कारभारी हात जोडून म्हणाला. "आज नाही तर नाही. पान काय, प्रत्येकाला एकदा लागतंच."

शेलेवाला वेशीपाशी आला, तेव्हा त्याची लांब सावली त्याच्या पुढे चालत होती. कुत्रं भुंकत धावून आलं. दारात बायको पळी घेऊन उभी!

"कुठे होतात इतका वेळ? तिसऱ्यांदा आमटी ऊन केली. आता तळाला लागली असेल तर मला बोलायचं काम नाही!"

लागलीच होती. शेलेवाल्याने ती करपट आमटी वाटी पुसून खाल्ली. कुंपणावरून हाक आली, "काय हो वहिनी, भावजी आले का? काय वाढलंत?" आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या घराने तिच्या तोंडावर खिडकी लावली नाही. उलट शेलेवाल्याने बाहेर येऊन तिला सगळं सांगितलं, सराफाचंही.

त्यानंतर तो राजधानीत गेला की घरच्या भाकरीची शिदोरी सोडून तळ्याच्या पायरीवर बसायचा. महालाकडे पाहायचा नाही.

आणि ती चोंबडी? ती तशीच उठून सराफाच्या घरी गेली. त्याच्या म्हाताऱ्या बायकोला म्हणाली, "काकी, तुमच्या भिंतीला हा उभा पाट कुणाचा हो?"

म्हातारी किती तरी वेळ त्या पाटाकडे बघत राहिली. मग उठून तिने पाट आडवा मांडला आणि चुलीवर कढी चढवली.

तात्पर्य: जिथे आपल्यावाचून पान वाढलं जातं तिथला मान खोटा, जिथे आपल्यासाठी जेवण खोळंबतं, तेच आपलं घर.