चंद्राक्कांची नडगी

"मग यातलं खरं चित्र कुठलं, मॅडम?"

शाल्मलीने दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारीशेजारी लावली होती. दोन्ही चंद्राक्कांच्या नडगीचीच. हाडाच्या आतली बारीक जाळीसुद्धा दिसावी, अशा एक्स-रे यंत्रातून काढलेली.

डावं धूसर. चंद्राक्कांचा पाय कापतो, काही केल्या थांबत नाही.

उजवं स्वच्छ. ते संगणकाने दुरुस्त केलेलं.

मिरजेच्या त्या प्रयोगशाळेत काझी मॅडमचं आयुष्य हाडं बघण्यात गेलेलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"डावीकडे काहीच दिसत नाही तिथे, उजवीकडे या रेघा आल्या कुठून?"

"संगणकाने खूप लोकांची हाडं पाहिलीत ना. त्यावरून भरतो."

"लोकांच्या हाडांवरून."

"... अंदाजच असतो. पण चांगला असतो."



घोट्याजवळचं हे हाड स्क्रू धरून ठेवेल का, ते बसवायचे की नाहीत, हे सर्जन या चित्रावरून ठरवणार होते. आजच.

बाहेर बाकावरून चंद्राक्का ओरडल्या, "पोरी, सांग की काय ते. का माझं हाड लाजतंय तुला बघून?"

शाल्मली दचकली. मग हळू म्हणाली, "डावं पाठवलं तर सर्जन मलाच हसतील, मॅडम. माझं एकही चित्र आजवर हललेलं नाही. सगळ्यांना माहीत आहे ते."

"तुझा पाय ठेव आत."

"माझा? कशाला?"

मॅडमनी यंत्राकडे बोट दाखवलं.

शाल्मलीने पाय साच्यात ठेवला, पट्टा आवळला. श्वास रोखला. यंत्र घुमायला लागलं.

मॅडम तिच्या कानाशी वाकल्या. "स्क्रू सुटला, तर चंद्राक्कांना काय सांगशील?"

पट्ट्याखाली तिचा पाय नकळत आखडला.

यंत्र थांबलं. पडद्यावर तिची नडगी आली.

धूसर.

"पण... मी हलले नव्हते. तुम्ही बघत होतात ना? हललेच नाही मी."

"हं."

"मग असं कसं आलं?"

मॅडमनी खुर्ची मागे सरकवली, तिला बसायला जागा करून दिली.

पाय सोडवून शाल्मली पडद्यासमोर बसली. दोन धूसर नडग्यांकडे आळीपाळीने बघत राहिली. कुठली कुणाची, क्षणभर तिलाच कळेना. हात आपसूक दुरुस्तीच्या बटणाकडे गेला... आणि तिथेच थांबला.

"थांबलीस का? कर की दुरुस्त," मॅडम म्हणाल्या. "बघू तरी, कुणाचं हाड निघतंय."