इटुकलीची भिशी

सोमवार होता. छान ऊन पडले होते. इटुकली उंदरी बीळ झाडत होती. फर्र फर्र, फर्र फर्र.

टिटवी ओरडत आली. "टिटीव टिटीव! कासवआजोबा गेले! पहाटे गेले."

इटुकलीचा झाडू खाली पडला.

कासवआजोबा म्हणजे भिशीचे आजोबा. जांभळाखाली एक मडके होते. दर पौर्णिमेला सगळ्यांनी त्यात मूठभर दाणे टाकायचे. ज्याची पाळी असेल, त्यानेसुद्धा. मग ते सगळे दाणे त्या एकाला मिळायचे. पुढच्या पौर्णिमेला दुसऱ्याला. आजोबा मडक्याजवळ बसायचे. सगळ्यांकडे बघायचे. म्हणून सगळे भिशी भरायचे.

खारीला मडके मिळाले होते. पारव्याला मिळाले होते. कोंबडीला, मोराला, साळिंदरालाही मिळाले होते. राहिली होती एकटी इटुकली. आज पौर्णिमा. आज तिची पाळी.

थंडी येणार होती. बिळात पिल्ले होती. मडकेभर दाणे मिळाले, तरच थंडी निघणार होती.

इटुकली जांभळाखाली गेली. आजोबांची जागा रिकामी होती. मडकेही रिकामे होते.

तुरुतुरु, तुरुतुरु. इटुकली खारीकडे गेली.

"खारूताई, खारूताई! कासवआजोबा गेले. मडकं रिकामं. तू तरी भिशी भर ना!"

खारीने आपल्या दाण्यांवर शेपटी पसरली. "मी भरीन गं. पण तो पारवा? सारखा डोळे मिटून बसतो. मनात काय चाललंय, कळत नाही. आधी पारवा भरू दे, मग मी भरते."

तुरुतुरु, तुरुतुरु. इटुकली पारव्याकडे गेली.

"पारवेदादा, पारवेदादा! कासवआजोबा गेले. मडकं रिकामं. खार म्हणते, आधी पारवा. तू तरी भिशी भर ना!"

पारव्याने एक डोळा उघडला. "गुटर्गूं! मी भरीन. पण ती कोंबडी? जिथे तिथे उकरते. मडकंसुद्धा उकरेल. आधी कोंबडी भरू दे, मग मी भरतो."

तुरुतुरु, तुरुतुरु. इटुकली कोंबडीकडे गेली.

"कोंबडीमावशी, कोंबडीमावशी! कासवआजोबा गेले. मडकं रिकामं. खार म्हणते, आधी पारवा. पारवा म्हणतो, आधी कोंबडी. तू तरी भिशी भर ना!"

कोंबडीने मान तिरकी केली. "कॉक कॉक! मी भरीन बाई. पण तो मोर? केवढा तो पिसारा! त्याखाली काय लपवतो, कुणी पाहिलंय? आधी मोर भरू दे, मग मी भरते."

तुरुतुरु, तुरुतुरु. इटुकली मोराकडे गेली.

"मोरमामा, मोरमामा! कासवआजोबा गेले. मडकं रिकामं. खार म्हणते, आधी पारवा. पारवा म्हणतो, आधी कोंबडी. कोंबडी म्हणते, आधी मोर. तू तरी भिशी भर ना!"

मोराने पिसारा मिटला. "पियांव पियांव! मी भरीन. पण तो साळिंदर? अंगभर काटे! नाही भरली, तर जवळ जाऊन विचारणार कोण? आधी साळिंदर भरू दे, मग मी भरतो."

तुरुतुरु, तुरुतुरु. इटुकली साळिंदराकडे गेली.

"साळिंदरकाका, साळिंदरकाका! कासवआजोबा गेले. मडकं रिकामं. खार म्हणते, आधी पारवा. पारवा म्हणतो, आधी कोंबडी. कोंबडी म्हणते, आधी मोर. मोर म्हणतो, आधी साळिंदर. तू तरी भिशी भर ना!"

साळिंदराने काटे वाजवले. खडखड, खडखड. "आणि तुझी मूठ कुठे आहे गं?"

इटुकली एक पाऊल मागे सरकली.

"कुठे आहे?"

"बिळात."

"बिळात का?"

"मी भरली आणि बाकीच्यांनी नाही भरली, तर?"

"वा गं वा! पाळी तुझी, मडकं तुझं, आणि तूच मूठ लपवतेस? आधी तू भर. मी बघतो. मग मी भरतो."

तुरुतुरु, तुरुतुरु. इटुकली घरी गेली. बिळात एकच मूठ उरली होती. पिल्ले चीं चीं करू लागली.

"थांबा रे राजांनो," इटुकली म्हणाली. तिने ती मूठ उचलली.

सळ्ळ! मूठ मडक्यात पडली. इटुकली मडक्याच्या काठावर बसली. डोळे उघडे ठेवून बसली.

साळिंदर आला. वाकून बघितले. दाणे खरेच होते. इटुकलीने भरली, म्हणून साळिंदराने भरली. सळ्ळ!

साळिंदराने भरली, म्हणून मोराने भरली. सळ्ळ!

कोंबडीने मोराच्या पिसाऱ्याखाली बघितले. काही नव्हते. मोराने भरली, म्हणून कोंबडीने भरली. सळ्ळ!

कोंबडीने भरली, म्हणून पारव्याने भरली. सळ्ळ! दोन्ही डोळे उघडे ठेवून.

पारव्याने भरली, म्हणून खारीने भरली. सळ्ळ! आणि एक दाणा हळूच परत घेतला.

"खारूताई, दिसतंय हं मला!"

टप! तो दाणाही मडक्यात पडला.

मडके भरले. गडगड गडगड, इटुकलीने ते घरी नेले. थोडे दाणे पिल्लांनी खाल्ले. थोडे थंडीसाठी ठेवले. थोडे बिळामागे पेरले.

मग सगळे म्हणाले, "चला, नवी भिशी लावू या!"

"पहिलं मडकं कुणाला?"

"मला! मला! मला! मला! मला!"

"आणि शेवटचं?" इटुकलीने विचारले.

खारीने पारव्याकडे बघितले. पारव्याने कोंबडीकडे बघितले. कोंबडीने मोराकडे बघितले. मोराने साळिंदराकडे बघितले. साळिंदराने आभाळाकडे बघितले.

शेवटची पाळी कुणाची, ते अजून ठरलेले नाही.