मैदानाची हलगी

नदीवरच्या उपसा योजनेचा पंप सगुणाक्का चालवायची, आणि तोही मोठ्या तोऱ्यात. योजनेची नवी पाइपलाइन तपासायला शहरातून प्रभुणे साहेब आले. दाब वाढला की जादा पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह त्यांच्याच आराखड्याप्रमाणे एक इंची बसवला होता.

"साहेब, तीन इंची बसवा," अक्का म्हणाली. "शिवारातल्या बारा शेतांच्या पाण्याच्या चाव्या एकदम बंद झाल्या, तर एवढ्याशा तोंडातनं पाणी निघंल व्हय? पाइप फुटंल."

साहेब हसले. "बारा शेतकरी एकाच वेळी चाव्या बंद करतात, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय, बाई? फार तर दोघे करतील."

पंप चालूच होता. अक्कानं साहेबांना दाबाच्या काट्यासमोर उभं केलं आणि दारात टेकलेल्या सावळा हलगीवाल्याला म्हणाली, "वाजव रं, मैदानाची!"

कुस्तीच्या मैदानाची हलगी कडाडली. शिवारभर माणसं चाव्या बंद करून धावत सुटली. एक इंची व्हॉल्व्हमधून पाणी उसळू लागलं, तरी काटा सरसर चढत तांबड्या रेघेला भिडला.

"अक्का, बंद करा! बंद करा!" साहेब ओरडले.

अक्कानं बटण दाबलं. साहेबांनी पेन काढून आराखड्यावरचा एक खोडला आणि तीन लिहिला.

तेवढ्यात बाराही जण पंपघरापाशी पोचले. "अक्का, कुस्ती कुठाय?"

अक्का साहेबांकडे वळली. "पुस्तक विचारत होता न्हवं, साहेब? ही बघा त्याची बारा पानं. धापा टाकत उभी हाईत."