फटीतून दिसलेली म्हैस

"मचवा दुरुस्त करायचा की मोडीत काढायचा, ते शास्त्रीबुवा सांगतील!" खारेबंदरच्या रणोजी महाराजांनी भर दरबारात जाहीर केलं.

शास्त्रीबुवा म्हणजे मीच. वय अडुसष्ट. काशीला बारा वर्षं न्याय आणि व्याकरण शिकलो. निर्णय घ्यायला मात्र तिथे कोणी शिकवलं नाही. भात घ्यावा की भाकरी, एवढं ठरवेपर्यंत माझं दोन्ही निवून जातं.

मचवा महाराजांच्या वडिलांचा. शिडाची होडी, अस्सल सागवानी. ते गेले तेव्हापासून आठ वर्षं किनाऱ्यावरच्या मांडवात कोरडा उभा होता.

"अट ऐका," महाराज म्हणाले. "फळी बदलायची नाही, खिळा ठोकायचा नाही, सांध्यात कापूस भरायचा नाही. आबासाहेबांचा मचवा आहे तसाच राहिला पाहिजे. आणि पौर्णिमेला मी त्यातूनच खाडीपलीकडे देवीला जाणार!"

"पण महाराज, मग दुरुस्ती करायची कशी?"

"ते तुम्ही बघा! मोडीत काढा म्हणालात, तर तुम्हीही मोडीत. चालेल म्हणालात, तर सगळ्यात पुढे तुम्ही बसायचं!"

मला पोहता येत नाही. पौर्णिमा आठ दिवसांवर होती.

मी मचव्यात जाऊन बसलो. फळ्यांमधल्या फटी एवढ्या रुंद, की पलीकडे चरणारी म्हैस मला दिसली. शिंगांसकट! तरी मी दुरुस्तीच्या बाजूने चाळीस पानं लिहिली. वाचून पाहिली, पटली. मग मोडीत काढण्याच्या बाजूने चाळीस लिहिली. तीही पटली!

तिसऱ्या दिवशी नावाड्यांच्या म्होरक्याची, तांडेलाची सून आवडी मासळीची पाटी घेऊन तिथून चालली होती.

"आजोबा, रोज आत बसून काय करता?"

"विचार."

"मचव्याचा की म्हशीचा?"

मी तिला सगळी हकीकत सांगितली. तिने पाटी उतरवली, प्रत्येक फळीवर टकटक केलं, दोन ठिकाणी नाक लावून वास घेतला.

"कुठे कुजलेला नाही. चार दिवस माझ्या हवाली करा."

"फळी लावणार नाहीस ना?"

"नाही."

"खिळा? कापूस?"

"तेही नाही."

"मग करणार काय?"

"बुडवणार!"

मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मला आजही सांगता येत नाही. आवडीने होकार धरला.

तिने आणि तिच्या दिरांनी ओहोटीला मचवा खाडीच्या चिखलात ढकलला आणि आत दगड भरले. भरती आली. सगळ्या फटींतून पाणी आत घुसलं आणि मचवा बुडबुडे सोडत खाली बसला. वर उरली फक्त डोलकाठी. मी किनाऱ्यावर बसून स्वतःच्या श्राद्धाची तिथी काढली.

बुडवल्याच्या चौथ्या दिवशी ओहोटीच्या वेळी महाराज स्वतः आले.

"माझा मचवा बुडवला? कुणी?"

माझं बोट आवडीकडे वळायला निघालं, लाजलं, आणि शेवटी माझ्याच छातीवर टेकलं.

"यांनी नुसती मान हलवली, महाराज," आवडी पुढे झाली. "बुडवला मी."

"अगं, दुरुस्त कर नाहीतर मोड! बुडवायला कुणी सांगितलं होतं?"

"मचव्याला दुखणं नव्हतंच, महाराज. त्याला तहान लागली होती! आठ वर्षं कोरडा ठेवलात, लाकूड आक्रसलं. चार दिवस पोटभर प्यायला, फळ्या फुगल्या, फटी मिटल्या."

"कशावरून?"

"ते बघा! खाडीचं पाणी ओसरलं. मचव्यातलं ओसरलं का?"

आम्ही सगळे पुढे वाकलो. मचवा चिखलावर टेकला होता, काठोकाठ भरलेला. बाहेरून एक थेंब गळत नव्हता!

"आतलं पाणी बाहेर येत नाही, महाराज," आवडी म्हणाली, "मग बाहेरचं आत कुठून जाणार?"

महाराज असे हसले, की खाडीतले बगळे उडाले.

"शास्त्रीबुवा, बारा वर्षं काशीला होतात! हे नाही कळलं?"

"महाराज, माझ्याकडे ऐंशी पानं आहेत..."

"तुम्हीही कोरडेच पडलात की हो! आवडे, यांनाही चार दिवस बुडवून ठेवायचं का?"

"नको, महाराज!" आवडी म्हणाली. "ते आधीच फुगलेत!"

आता महाराजांनी पोट धरलं, शिपायांनी भाले टाकून पोट धरलं, आणि खरं सांगायचं तर मीही हसलो. जरा उशिरा.

पौर्णिमेला मचवा खाडीत डौलात उतरला. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं आवडीला दिलं आणि सुकाणूही तिच्याच हाती सोपवलं. मलाही रिकाम्या हाताने ठेवलं नाही. वारा पडला होता. मला वल्हं दिलं!