समाधीपुढची भिंत

“महाराज, अजून हातभर उंच करू का?”

अच्युत तिसऱ्यांदा विचारत होता. परवा अमावास्या, आषाढातलं मोठं उधाण. गेल्या काही वर्षांत समुद्राचं ताळतंत्रच सुटलं होतं. वादळं अवेळी येत, भरती मठाच्या पायरीपर्यंत चढे.

 मठाचे भार्गवबुवा ओल्या वाळूत उकिडवे बसून भिंतीकडे बघत होते.

भिंत अच्युतची. बुवांच्या गुरूंची समाधी समुद्र गिळणार, या धास्तीने चार महिने खपून त्याने ती काळ्या दगडात उभी केली होती. पाया खणताना किनाऱ्यावरची, वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल आडवी येत होती, तीही त्याने पार कोळीवाड्यापर्यंत उपटून काढली. मठ शिष्याने वाचवला असं लोक म्हणतील, हे त्याच्या मनात नव्हतंच असं नाही.

“भिंत भक्कम आहे,” बुवा म्हणाले.

अच्युतचा जीव भांड्यात पडला.

“लाट हिच्यावर आपटते... मग जाते कुठे?” बुवांनी विचारलं.

अच्युतने भिंतीच्या टोकाकडे पाहिलं. तिथून कोळीवाडा सुरू होत होता. पहिलंच घर नागूबायचं. तिच्या अंगणातला माड मुळं उघडी पडून कलला होता. मागच्या उधाणापर्यंत तो सरळ होता.



नागूबाय दारातच उभी होती. तिने बुवांना हात जोडले.

“बुवा, दर्या पुढं आला का वेल मागं सरते. ती सरली का आमी घर मागं सारतो. माज्या हयातीत तीनदा सारलं. औंदा वेलच नाय. किती मागं जावं, सांगल कोन?”

 

“मावशी, तुझ्या घरापुढेही भिंत घालून देतो,” अच्युत घाईघाईने म्हणाला.

“आन् माज्या पल्याडच्या घराचं काय, बाला?”

 शरमेने त्याने मान खाली घातली.

बुवा उठले. भिंतीवरचा एक दगड कसाबसा उचलून त्यांनी खाली वाळूत ठेवला. मग दुसरा.

“महाराज! हे काय करताय? परवा उधाण आहे... समाधी जाईल!”

“जाईल.”

“तुमचे गुरू आहेत तिथे!” अच्युतचा आवाज चिरकला.

बुवांनी तिसऱ्या दगडाला हात घातला. तो एकट्याने हलणारा नव्हता. ते अच्युतकडे बघत थांबले.

“माझे गुरू पट्टीचे पोहणारे होते... नागूबायच्या चुलीला पोहता येत नाही.”